पाऊस मोजला, उन्हाचं काय?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचं कोडं जुनंच आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या अगदी शेजारी आहेत. त्यातलं तानसा तर १८९२ पासूनचं. तरीही होळी उलटली की इथल्याच वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. याची कारणं सांगताना सगळी चर्चा पावसाभोवती आणि धरणांभोवती फिरते. जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचं आणि जमिनीतून परत जाणाऱ्या उष्णतेचं, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रारणाचं, नाव कोणी काढत नाही. ते काढलं पाहिजे की नाही, एवढाच या लेखाचा प्रश्न. त्यासाठी भातसेच्या काठचं सापगाव मध्ये ठेवून दोन कल्पित माणसं समोरासमोर बसवली आहेत. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुक्ता त्यांची पुतणी, कृषी हवामानशास्त्र शिकलेली. माझा कल मुक्ताकडे आहे हे आधीच सांगून टाकतो; मात्र नानांच्या हरकती पचवल्याशिवाय तिची बाजू उभी राहत नाही, हेही तितकंच खरं.

नाना : इथल्या टंचाईला उन्हाचं शास्त्र कशाला हवं? कारण पायाखाली आहे. हा सगळा दख्खनच्या लाव्ह्याचा कातळ. त्यावर कुठे हातभर, कुठे वीतभर माती. पाऊस यायचा तो चार महिन्यांत, तोही कोसळत. उतारावरचं पाणी काही तासांत ओढ्याला लागतं, ओढा नदीला मिळतो, नदी खाडीला. कातळाच्या भेगांत मुरतं ते थोडं, आणि ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत विहिरीला पुरलं तर नशीब. उरलेलं आम्ही अडवलं, पण अडवलं मुंबईसाठी. सापगाव नदीकाठी आहे म्हणून धरणातून सोडलेलं पाणी त्याच्या दारातून जातं. डोंगराच्या कुशीतल्या वाडीला ते लांबून दिसतंसुद्धा नाही. पाऊस किती पडला, अडवला किती आणि वाटला कसा, हे तीन प्रश्न आहेत. चौथा प्रश्न काढणारा माणूस या तिघांवरून लक्ष उडवतो, असा माझा अनुभव आहे.

मुक्ता : तुमचे तिन्ही प्रश्न मला मान्य आहेत, नाना. चौथा त्यांच्या जागी आणायचा नाही, त्यांच्या शेजारी बसवायचा आहे. एखादा प्रदेश ओला की कोरडा, हे शास्त्रात नुसत्या पावसावरून ठरवत नाहीत. ऊन, वारा आणि कोरडी हवा मिळून वर्षात जास्तीत जास्त किती पाणी उडवू शकतील याचा अंदाज काढतात आणि पावसाला त्या आकड्याने भागतात. भागाकार ०.२ ते ०.५ च्या दरम्यान आला की प्रदेश अर्धशुष्क. माळशेज घाट चढून जुन्नर ओलांडून तुम्ही पारनेरकडे, अहिल्यानगरकडे गेलात की साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि त्याच्या तिप्पट मागणी, म्हणजे सरळसरळ अर्धशुष्क मुलूख. शहापूरचा भागाकार एकाच्या वर जातो, म्हणून आपण दमट. पण हा वर्षाचा हिशेब आहे. तो ऋतूंमध्ये फोडून पाहा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत सुमारे सव्वादोनशे दिवस होतात. दिवसाची मागणी सरासरी साडेचार मिलिमीटर धरली तरी ती हजार मिलिमीटरच्या घरात जाते, आणि एवढ्या काळात पाऊस म्हणावा तर एखाद-दुसरा वळीव. म्हणजे वर्षातले साडेसात महिने आपण घाटापलीकडच्या लोकांइतकेच कोरडे असतो. वार्षिक सरासरी ही गोष्ट झाकते, आणि सरकारी कागदावर आपण कायम ‘जास्त पावसाचा तालुका’ म्हणूनच राहतो.

नाना : गणित ठीक आहे, निष्कर्ष नाही. मागणी म्हणजे खर्च नव्हे. हजार मिलिमीटर उडू शकतं म्हणालीस. पण उडायला ते असायला तर हवं! डिसेंबर संपता संपता माळावरची माती ठणठणीत होते. तिथून पुढे सूर्याने कितीही जोर लावला तरी वाफ कशाची होणार? पाणी गेलं ते जुलै-ऑगस्टमध्ये, उतारावरून. मेमधल्या सूर्यावर त्याचा आळ घालणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. धरणाची गोष्ट वेगळी. तिथे पाण्याचा उघडा पृष्ठभाग असतो, बाष्पीभवन होतं, आणि आम्ही प्रकल्पाच्या हिशेबात ते धरतोच.

मुक्ता : आळ ओढ्यावरच राहू द्या. पण जमिनीत पाणी नाही म्हणून वरून येणारी ऊर्जा काही थांबत नाही. ती दुसरीकडे खर्च होते, आणि माझा मुद्दा तिथेच सुरू होतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट लागतं. वीजबिलात असतं तेच युनिट. मे महिन्यात पुण्यासारख्या ठिकाणी आडव्या जमिनीच्या एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ७ युनिट सौर ऊर्जा पडते. त्यातला पाचवा हिस्सा जमीन परावर्तित करते. आणखी काही भाग तापलेली जमीन उष्णतेच्या प्रारणाने आकाशाकडे परत धाडते. जवळपास निम्मी, म्हणजे साडेतीन-चार युनिटं, हाती राहतात. जमीन ओली असेल किंवा तिच्यावर हिरवं पीक असेल, तर त्यातली बरीचशी ऊर्जा पाच-सहा लिटर पाण्याच्या वाफेत जाते आणि हवा फारशी तापत नाही. जमीन कोरडी असेल तर तीच ऊर्जा माती तापवते आणि मातीवरची हवा तापवते. टंचाई आणि होरपळ या दोन वेगळ्या आपत्ती नाहीत, नाना. एकाच जमा-खर्चाचे ते दोन रकाने आहेत. याचा पुरावा आकाशात आहे. आपला अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या जवळचा. सूर्य भरदुपारी थेट माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. सूर्य तोच, उंची तीच. पण मेमध्ये दिवसाला ७ युनिटं जमिनीला पोचतात, तर जुलैत ढगांमुळे साडेचारच्या आसपासच. आणि तीही ओल्या जमिनीत वाफ करण्यात संपतात. एकाच सूर्याखाली, एकाच शिवारात, अडीच महिन्यांच्या अंतराने दोन वेगळे प्रदेश तयार होतात.

इथे दोघांना थोडं थांबवून एक गोष्ट नोंदवायला हवी. मुक्ता जे बोलते आहे ते परदेशातून आयात केलेलं शास्त्र नाही. त्यातला मोलाचा भाग सापगावपासून दीडशे किलोमीटरच्या आत घडलेला आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. त्याची इमारत पुढे शहरात ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली गेली. १९३२ साली तिथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला, तेव्हा त्या मातीचं तापमान उघड्या मातीपेक्षा बरंच खाली राहिलं. ऊन तेच, वारा तोच. बदलला होता फक्त पृष्ठभागाचा रंग. त्याच काळात रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी दाखवून दिलं, की निरभ्र आणि शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, जमिनीपासून काही इंच वर असते. पाठ्यपुस्तकांशी हे इतकं विसंगत होतं की अनेक वर्षं त्यावर शंका घेतली गेली. मोजमापं पुनःपुन्हा तेच सांगत राहिली, आणि १९९३ मध्ये बंगळूरला रोद्दम नरसिंहा व सहकाऱ्यांनी प्रारणाच्या आधारे त्याची उपपत्ती मांडली. आज तो ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. पुढे पुण्यातच ॲना मणी यांनी सौर प्रारण मोजणारी उपकरणं देशात बनवण्याचं आणि त्यांच्या नोंदींचं जाळं विणण्याचं काम केलं. १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने त्याला गती दिली. या सगळ्यातून एक साधी गोष्ट हाती लागते. वर्तमानपत्रात छापून येतं ते तापमान जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, लाकडी पेटीच्या सावलीतल्या हवेचं असतं. भाताचं रोप, वालाचा वेल आणि अनवाणी पाऊल ज्या थरात वावरतं, तिथला हिशेब वेगळा असतो, आणि तो बव्हंशी प्रारण ठरवतं.

नाना : पुण्याचा इतिहास मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण मग तापलेल्या जमिनीला तू एवढी नावं का ठेवतेस? शाळेत आम्हाला शिकवलं ते असं, की उन्हाळ्यात जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरचे वारे धावतात आणि पाऊस पडतो. उन्हाळा कडक तर पाऊस चांगला, असं आमच्या घरातली जुनी माणसंही सांगत. तसं असेल तर माळ उघडा पडू दे, तापू दे. मृगाला पाऊस लवकर येईल.

मुक्ता : ही कल्पना १६८६ सालची, एडमंड हॅली यांची. तिच्यात तथ्याचा अंश आहे, पण ती पुरी पडत नाही. भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ सालीच तिच्यातली अडचण दाखवली. जमीन सर्वांत जास्त तापते मेमध्ये, मग पाऊस जुलैत का? आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी जमीन अधिक तापलेली असते, मग पाऊस जास्त का पडत नाही? सुलोचना गाडगीळ यांनी हाच धागा पुढे नेला. मान्सून म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्याची मोठी आवृत्ती नव्हे, तर विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा ऋतूप्रमाणे उत्तरेला सरकणं होय, अशी बाजू त्यांनी पुराव्यानिशी मांडली. याचा अर्थ असा, की दुष्काळी वर्षातलं कडक ऊन हे येणाऱ्या पावसाचं कारण नसतं, न आलेल्या पावसाचा परिणाम असतो. ढग नाहीत म्हणून ऊन जास्त, ओल नाही म्हणून ते ऊन वाफेत न जाता उष्णतेत जातं. आता दुसऱ्या टोकाचंही सांगते. १९७५ साली जूल चार्नी यांनी आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्याबद्दल मांडलं होतं, की गुरं चारून जमीन उघडी पडली, उघडी जमीन अधिक ऊन परावर्तित करू लागली आणि त्यामुळे पाऊसच हटला. कल्पना दमदार होती. पण नंतरच्या संशोधनात साहेलच्या दुष्काळामागे मुख्य हात महासागरांच्या तापमानाचा निघाला. जमिनीने त्याला जोड दिली एवढंच. म्हणून सापगावच्या माळावर हिरवळ आली की मान्सून लवकर येईल, असं मी म्हणणार नाही. आणि माळ तापला की तो लवकर येईल, हे तुम्हालाही म्हणता येणार नाही.

नाना : मग खटला निकालात निघाला की! पावसाची लहर समुद्र ठरवतो, हे तूच सांगितलंस. २०२३ साली मुंबईत मान्सून २५ जूनला पोचला, दिल्लीला आणि मुंबईला एकाच दिवशी. २०२५ साली तोच २६ मेला हजर, पूर्वीच्या सगळ्या नोंदी मोडून. दोन वर्षांत महिन्याचा फरक. हा फरक काही आमच्या वरकस जमिनीच्या रंगाने पाडलेला नाही. ज्याची लहर एवढी मोठी त्याच्यावर नजर ठेवावी. पर्जन्यमापक वाढवा, पुराचा इशारा सुधारा, धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते नीट ठरवा. उरलेलं विद्यापीठात शिकवा.

मुक्ता : लहर समुद्राची आहे, पण तिचा फटका किती बसणार हे जमिनीवर ठरतं. तुम्ही सांगितलेला महिन्याचा फरकच घ्या. २६ मे आणि २५ जून यांच्यात तीस दिवस आहेत. हे तीस दिवस सूर्य जवळजवळ माथ्यावर असतानाचे. पाऊस लांबला तर दिवसाला पाच-सहा मिलिमीटरच्या हिशेबाने दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटरची मागणी वाढते, म्हणजे हेक्टरी पंधरा ते अठरा लाख लिटर. विहिरीजवळची भाजी, तळ्यातला उरलेला साठा, कोवळी रोपवाटिका, गुरांचं पाणी, सगळ्यांवर तो भार येतो. पर्जन्यमापकाला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या लेखी ते तीस दिवस नुसतेच शून्य. पावसाच्या उघडिपीचंही तसंच. २०२३ चा ऑगस्ट हा देशपातळीवर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. उघडीप पडते तेव्हा खाचराला वरून पाणी मिळत नाही, आणि ढग हटल्यामुळे खाली येणारं ऊन वाढतं. एका हाताने देणं थांबतं, दुसऱ्या हाताने घेणं वाढतं. नुसता पाऊस मोजला तर तुटीचा एकच हात दिसतो. आणि ऊन म्हणजे केवळ तोटा असंही नाही. ढगाळ दिवस लांबले तर भाताला उजेड कमी पडतो. पोटरीपासून दाणा भरेपर्यंत, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, स्वच्छ ऊन मिळालं तर पीक भरतं. पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भाताचा उतारा खरिपापेक्षा जास्त येतो, त्यात उन्हाचा वाटा मोठा आहे. भातसेच्या कालव्याखाली उन्हाळ्यात हिरवं दिसतं ते पाण्यामुळे, हे खरं. पण त्या पाण्याचं धान्य आणि भाजी होते ती उन्हामुळे.

नाना : आता माझ्या दोन हरकती ऐक, आणि या सोप्या नाहीत. पहिली. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्याच शास्त्रज्ञांनी २००७ साली छापलं आहे, की १९८१ ते २००४ या काळात देशातल्या १२ केंद्रांवर जमिनीला पोचणारं सौर प्रारण दर वर्षी चौरस मीटरला सुमारे ०.८६ वॉटने कमी होत गेलं. धूर, धूळ, ढग, जे काही असेल त्याने. ऊन घटत होतं आणि त्याच काळात तापमान वाढत होतं. मग तुझा उन्हाचा हिशेब कुठे गेला? दुसरी हरकत उपायाची. हे सगळं सांगून झालं की तू म्हणशील, झाडं लावा, जमीन झाका. झाडं पाणी पितात, मुक्ता. मुळं खोल जातात आणि विहिरीचं पाणी पानांवाटे हवेत सोडतात. पाझर तलावाच्या वर दाट लागवड केली तर तलावात पाणी वाढेल की घटेल, हे ठामपणे सांगणारा अधिकारी मला नोकरीत भेटला नाही.

मुक्ता : पहिली हरकत माझ्याच कामाची आहे. प्रारण म्हणजे नुसतं ऊन नव्हे. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइडसारखे वायू जमिनीची उष्णता शोषून तिच्यातला काही भाग परत खाली पाठवतात. डिसेंबरातल्या कोरड्या हवेत ही परतफेड कमी पडते, म्हणून निफाडला रात्री पारा पार खाली जातो. जूनच्या दमट हवेत ती वाढते, म्हणून ढगाळ रात्री घामाघूम व्हायला होतं. तेव्हा ऊन घटूनही तापमान वाढू शकतं. आता गंमत पाहा. तापमान वाढतंय म्हणजे बाष्पीभवनही वाढत असणार, असं कोणीही म्हणेल. पण एन. चट्टोपाध्याय आणि माईक ह्यूम यांनी १९९७ साली भारतातल्या बाष्पीभवन पात्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना बाष्पीभवन घटलेलं दिसलं. केवळ पाऊस आणि तापमान मोजणारा माणूस इथे ठार चुकला असता. ऊन, दमटपणा, वारा आणि बाष्पीभवन वेगवेगळं मोजलं म्हणून खरी दिशा कळली. तुमची हरकत मोजमापाविरुद्ध जात नाही, नाना. ती मोजमापाची गरज सांगते. दुसरी हरकत मात्र मी जशीच्या तशी मान्य करते. ‘झाडं लावा’ हे सगळ्याच जागी उत्तर नाही. माझं म्हणणं अधिक अरुंद आहे : ओल कशावर खर्च व्हावी, ते आपण ठरवावं. भात कापल्यावर खाचरात जी ओल राहते, तिच्यावर वाल किंवा हरभरा घेतला तर तीच ऊर्जा तीच ओल उडवते, पण दाण्याच्या रूपाने काही देऊन जाते. खाचर तसंच उघडं सोडलं तर ओल उडते आणि हाती भेगा येतात. वणव्याने काळा झालेला उतार जास्त ऊन शोषतो, आणि पहिल्या धारा अंगावर घ्यायला त्याच्यावर गवताची काडीही नसते. राब भाजण्यामागे, म्हणजे रोपवाटिकेची जागा पालापाचोळा जाळून भाजण्यामागे, तण मारणं, राखेचं खत, जोमदार रोप ही शेतकऱ्याची रास्त कारणं आहेत. पण भाजणीसाठी शिवारभरचा पालापाचोळा गोळा झाला, की बाकीची जमीन ऐन मेमध्ये पांघरुणाशिवाय राहते, हा त्या पद्धतीचा न मोजलेला खर्च आहे. मोजल्यावर कदाचित तो परवडणाराही निघेल. पण मोजू तरी.

नाना : आणि मोजून झालं की? मला भीती वाटते ती याची. उद्या कोणी साहेब येईल, आकडे दाखवेल आणि वाडीवरच्या माणसाला सांगेल, की तुझी जमीन उघडी होती म्हणून पाणी टिकलं नाही. आणि दोन डोंगरांपलीकडच्या धरणातून निम्म्या मुंबईचं पाणी निघून गेलं, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. शास्त्राच्या आडून हक्काचा प्रश्न बुजवण्याची ही उत्तम सोय आहे. वर उपकरणांचा खर्च. उपग्रह तर वरून ऊन मोजतातच. मग तालुक्याला आणखी यंत्रं कशाला?

मुक्ता : उपग्रहावरून ढग पाहून खाली किती ऊन पोचलं असेल याचा अंदाज काढता येतो, आणि तो उपयोगी आहे. पण घाटाच्या कडेला ढग तासातासाला बदलतात, त्यामुळे त्या अंदाजाला जमिनीवरच्या नोंदीची पडताळणी लागते. शिवाय खाचर, वरकस माळ आणि जंगल यांच्या हाती उरणारी ऊर्जा वेगवेगळी असते. तो फरक जमिनीवरच मोजावा लागतो. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा टिपण्यासाठी ती उभारली गेली. जागा आहे, खांब आहे, आकडे पाठवण्याची सोय आहे. तिथे सौर प्रारणमापक आणि मातीची ओल मोजणारा संवेदक जोडणं ही नव्याने इमारत बांधण्याची गोष्ट नव्हे. सगळीकडे नको, घाटाच्या खाली एक ओळ आणि घाटावर एक ओळ, म्हणजे मुरबाडपासून जुन्नर-पारनेरपर्यंतचा उतरता पाऊस आणि चढती कोरड एका नजरेत येईल. कर्जतला भात संशोधनाचं जुनं केंद्र आहे. त्या आकड्यांचा भातासाठी अर्थ लावायला ते जवळचं. राहिला तुमचा हक्काचा मुद्दा. धरणाच्या हिशेबात बाष्पीभवनाचा रकाना असतो, असं तुम्हीच म्हणालात. गावाच्या टंचाई आराखड्यात मात्र विहिरींची पातळी, गावांची यादी आणि टँकरच्या फेऱ्या असतात. वाडीच्या जमिनीला, गुरांना, परसातल्या झाडांना मार्च ते जून किती पाणी लागतं, हे कोणी मांडतच नाही, म्हणून वाडीची मागणी माणशी काही हंड्यांवर आटोपते. उन्हाचा हिशेब हातात असेल तर तीच वाडी आकड्यानिशी सांगू शकेल, की आमची कोरड एवढी आहे, ती निसर्गाने ठरवलेली आहे, आणि भातसेतला एवढा वाटा त्यासाठी राखून ठेवा.

संवाद इथे थांबवतो, कारण दोघांमधलं उरलेलं अंतर युक्तिवादाने मिटणारं नाही. नानांचं एक म्हणणं अबाधित राहतं : कातळ, उतार आणि पाणीवाटप ही टंचाईची पहिली कारणं आहेत, प्रारण हे पहिलं कारण नाही. पावसाचा लहरीपणा सापगावच्या मातीने येत नाही आणि जातही नाही. पण मुक्ताचा मुद्दा याने खोडला जात नाही. जास्त पावसाच्या तालुक्यात साडेसात महिन्यांचा अर्धशुष्क मुलूख दडलेला आहे, आणि तो फक्त मागणीची बाजू मोजल्यावर दिसतो. पाऊस महिनाभर उशिरा आला, ऑगस्टमध्ये उघडीप पडली, तर नुकसान न पडलेल्या पावसाएवढंच नसतं. त्या दिवसांत जमिनीवर पडलेल्या उन्हाएवढं ते वाढतं. आपत्तीचं मोजमाप एकाच बाजूने करणारी व्यवस्था दर वर्षी नुकसान कमी लेखत राहणार, मग ती पीकविम्याची असो की टँकरची.

नानांची भीती मात्र उपकरण बसवण्याआधीच ऐकली पाहिजे. आकडा कोणाच्या हातात जातो, यावर तो ओझं होणार की हत्यार, हे ठरतं. प्रारणाच्या आणि ओलीच्या नोंदी केवळ संशोधन निबंधांत गेल्या तर शहापूर-मुरबाडला त्यांचा उपयोग नाही, आणि शेतकऱ्याला उपदेश करण्यापुरत्या वापरल्या तर उपद्रवच आहे. म्हणून दोन गोष्टी एकत्र व्हाव्यात. मंडळ पातळीवरच्या केंद्रांत ऊन आणि मातीची ओल मोजली जावी. आणि त्या नोंदींवरून काढलेली कोरड्या महिन्यांची पाण्याची गरज ग्रामसभेसमोर, मराठीत, हेक्टरी लिटरमध्ये मांडली जाऊन टंचाई आराखड्यात आणि धरणातल्या पाण्याच्या आरक्षणात धरली जावी. पहिली गोष्ट मुक्ताची, दुसरी नानांची. यातली एकच झाली तर ती अर्धवट राहील, आणि अर्ध्या हिशेबावर या तालुक्यांनी पुरेसे उन्हाळे काढले आहेत.